गुरुवार-शुक्रवारची पीएचडी

पेई-यूनला तैपेईच्या विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला, ही बातमी तिने बापाला दिली तेव्हा तो देवळात उदबत्त्यांची राख चाळत बसला होता. त्याने चाळण थांबवली, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग जेवणाचं काय?"

"कुणाच्या?"

"माझ्या. तू तिथे काहीतरी खाशीलच."

हा च्येन थिएन-फा. वय बहात्तर, आणि गेली एकवीस वर्षं गावातल्या वांग-ये या देवाच्या लहानशा देवळाचा पुजारी. बायको जाऊन पाच वर्षं झालेली. मुलगा मिंग-चुंग दूर थाओयुआनला कारखान्यात. बायको आणि दोन मुलींना घेऊन वर्षातून दोनदा येणार, आणि जाताना सोललेल्या कालवांचे डबे घेऊन जाणार. उरली पेई-यून. सदतीस वर्षांची, बिनलग्नाची, गावातल्याच शाळेत भूगोल शिकवणारी. घरात बिनलग्नाची मुलगी असली की घरातल्या सगळ्या अडचणी न विचारता तिच्या नावावर जमा होतात. पावसाळ्यात मागच्या खोलीत पाणी शिरलं तरी आणि बापाचा चष्मा हरवला तरी हाक एकच, "आ-यून!"

चियाईचा हा सगळा किनारा दरवर्षी थोडा थोडा खचतो आहे. मासे पाळायची तळी भरायला लोक जमिनीखालचं पाणी उपसतात, जमीन बसत जाते, आणि लोक उंबरे वाढवत राहतात. पेई-यूनला याच खचण्यावर काम करायचं होतं. तळ्यांच्या कडेला लांब नळ्या खुपसून गाळ काढायचा आणि तैपेईच्या प्रयोगशाळेत नेऊन तो थरावर थर तपासायचा. प्राध्यापक फान मुलाखतीत भलतेच खूश झाले. गावचीच बाई, प्रत्येक तळ्याचा मालक हिच्या ओळखीचा, अर्ध्या मालकांची पोरं हिच्या वर्गात. दुसऱ्या कुणाला ज्या बांधावर पाय ठेवू दिला नसता तिथे हिला चहा मिळायचा.

"पण इथे येऊन राहणार ना?" फाननी विचारलं. "लांबून जमण्यासारखं हे काम नाही."

"घरी विचारून सांगते," पेई-यून म्हणाली. सदतिसाव्या वर्षी.

वाटा दोन होत्या. शाळेतून बिनपगारी रजा घ्यायची आणि तैपेईत खोली करून राहायचं, ही एक. दुसरी म्हणजे सगळे तास सोमवार ते बुधवारात कोंबायचे आणि गुरुवारी, शुक्रवारी जाऊन-येऊन करायचं. स्कूटरवर चाळीस मिनिटं, वेगवान रेल्वेत दीड तास, पुढे मेट्रो, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. मुख्याध्यापक दोन्ही गोष्टींना तयार होते. विद्यापीठाचीही ना नव्हती. म्हणजे अडवणारं असं कुणीच नव्हतं, आणि तीच पंचाईत झाली. कुणी अडवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

दोन आठवडे तिचं तळ्यात-मळ्यात चाललं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "हे बघ आ-यून, निर्णय तुझा. मी मध्ये पडणार नाही. फक्त आपांना मध्येच चक्कर येते, तेवढं ध्यानात ठेव." मिंग-चुंगची ही लहानपणापासूनची पद्धत. मध्ये पडायचं नाही, फक्त वाटेत दगड ठेवून जायचं.

शेवटी म्हातारा म्हणाला, "एवढं काय डोकं खातेस? वांग-येला कौल लावू."

देवासमोर चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला की देवाचा होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसतोय, म्हणजे तुमचा प्रश्नच धड नाही. मोठ्या कामाला होकार सलग तीनदा यावा लागतो. या बाबतीत थिएन-फा फार कडक. एखाद्या बाईला मनासारखा कौल मिळाला नाही आणि तिने पुन्हा तुकडे उचलले, की हा तिच्या हातातून काढून घ्यायचा. "देव काय मासळीवाला आहे का, घासाघीस करायला? एकदा सांगितलंय ना? जा घरी." गावात याबद्दल त्याला मान होता आणि दोन-तीन घरांशी त्याची बोलाचालही बंद होती.

खरं सांगायचं तर कौलाचं ऐकून पेई-यूनला हायसं वाटलं. इतकी शिकलेली बाई, वर्गात पोरांना भूकंप आणि भरती-ओहोटी समजावून सांगणारी. पण आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घ्यावा, असं तिला मनापासून वाटत होतं. बापाने घेतला असता तर तिने बापाला दोष दिला असता. स्वतः घेतला असता तर स्वतःला. देवाला दोष कोण देणार?

"शनिवारी सकाळी चल," म्हातारा म्हणाला.

"शनिवारी पेपर तपासायचेत, शाळेत बोलावलंय. तुम्हीच विचारा ना आपा."

"मी विचारू? काय विचारू?"

"तुम्हाला माहीत आहे की सगळं."

पेपर काही शनिवारीच तपासायला हवे होते असं नाही. पण देवासमोर गुडघे टेकून, आपलं नाव, जन्मतिथी, घराचा पत्ता सांगून, "मला जायचंय" हे शब्द मोठ्याने उच्चारायची तिची छाती झाली नाही.

शनिवारी दुपारी ती घरी आली तेव्हा म्हातारा जेवणाच्या टेबलाशी माशाची पेज घेऊन बसला होता. तिने चप्पल काढायच्या आतच त्याने सांगितलं, "तीन. सलग. घरीच राहा, जाऊन-येऊन कर."

"बरं," ती म्हणाली. रडू वगैरे काही आलं नाही. उलट भूकच लागली. तिने पेज वाढून घेतली, संपवली आणि आणखी एक वाटी घेतली. संध्याकाळी प्राध्यापक फानना पत्र लिहिलं की घरच्या जबाबदाऱ्यांमुळे सध्या प्रवास करूनच शिकावं लागेल, पण मेहनतीत कसूर होणार नाही. मेहनतीत खरंच कसूर झाली नाही. त्याचा उपयोग झाला नाही, एवढंच.

पहिल्या सहा महिन्यांत तिला प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल मिळालं. सातव्या महिन्यात त्यावर कुणाची तरी छत्री आली. मग दोन छत्र्या, मग कुणाकुणाची आलेली पार्सलं, मग प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे. दर गुरुवारी सकाळी पेई-यून ते सगळं उचलून खाली ठेवायची आणि पुढच्या गुरुवारी ते पुन्हा वर आलेलं असायचं. वाईट कुणीच नव्हतं. रिकामी जागा दिसली की माणूस तिथे काहीतरी ठेवतोच.

दुपारच्या डब्यांचंही तसंच. सोमवारी सकाळी दहा वाजता एक मुलगा सगळ्यांना विचारून डब्यांची यादी करायचा, कोंबडी की डुक्कर की शाकाहारी. तीच यादी आठवडाभर चालायची. गुरुवारी डबे आले की तो ओशाळा व्हायचा. "अरे, पेई-यून चिए, आज तुम्ही आहात होय?" चिए म्हणजे ताई, सगळी पोरं तिला तसंच म्हणायची. मग कुणीतरी अर्धा डबा पुढे करायचं. वर्षभराने ती स्टेशनवरूनच भाताचा गोळा घेऊन यायला लागली, आणि त्या मुलाच्या मनावरचं ओझं उतरलं.

प्राध्यापक फान माणूस सरळ होते, पण त्यांचं सगळं महत्त्वाचं बोलणं संध्याकाळी सहानंतर व्हायचं. दिवसभर मीटिंगा. सहा वाजले की चार-पाच विद्यार्थ्यांना घेऊन ते गल्लीतल्या हॉटेलात जायचे, मधोमध उकळतं पातेलं ठेवून मांस आणि भाज्या शिजवत बसायचे, आणि कोण कोणत्या परिषदेला जाणार, नवं यंत्र कुणाला आधी मिळणार, कुणाचा लेख पुढे काढायचा, हे तिथे ठरायचं. पेई-यून त्या वेळी गाडीत बसलेली असायची. पुढच्या गुरुवारी शाओ-थिंग नावाची चोवीस वर्षांची मुलगी तिला सगळं नीट सांगायची. "चिए, परवा असं ठरलं की..." मुलगी गुणाची होती. तिचा राग येत नाही, याचाच पेई-यूनला राग यायचा.

गाळाच्या नळ्या ती स्वतः गाडीतून न्यायची, बर्फाच्या लांब खोक्यात, मांडीवर आडव्या धरून. एकदा शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "मासा आहे का गं? कुठला?" पेई-यून म्हणाली, "चिखल आहे." आजीबाई तोंड वळवून बसल्या. त्यांना वाटलं, मास्तरीण दिसते आणि थट्टा करते.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात शीतखोलीची वीज दोन दिवस बंद राहणार होती. सोमवारी दारावर तशी चिठ्ठी लागली. ज्याने त्याने आपापले नमुने दुसऱ्या इमारतीत हलवले. पेई-यूनला कुणीतरी कळवलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं. गुरुवारी ती आली तेव्हा तिच्या दोन नळ्यांवर बुरशी चढली होती. आठ महिन्यांचं काम. शाओ-थिंगला रडू कोसळलं, बाकीच्यांनी वाकून वाकून माफी मागितली, आणि पेई-यूनलाच सगळ्यांची समजूत काढावी लागली. "असू दे, असू दे, चूक माझीच. मी इथे नव्हते." परतीच्या गाडीत तिला कळलं की हे तिने निव्वळ शिष्टाचार म्हणून म्हटलं नव्हतं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्या घरात काय चाललं होतं? बुधवारी शाळेतून आल्यावर ती दोन दिवसांचा स्वयंपाक करायची. डबे शीतकपाटात ओळीने ठेवायची, वर कागद चिकटवायची. गुरुवार दुपार, गुरुवार रात्र, शुक्रवार दुपार. शुक्रवारी ती यायची तेव्हा डबे रिकामे आणि धुऊन ठेवलेले असायचे. तिला बरं वाटायचं. दीड वर्षाने तिला कळलं की गुरुवारी म्हातारा चौकातल्या शेवयांच्या गाडीवर मित्रांबरोबर जेवतो आणि डबे देवळामागच्या मांजरांना घालतो.

"तुझ्या हाताला मीठ कमी," त्याने स्पष्टीकरण दिलं. "तुझी आई असं करत नव्हती."

"डॉक्टरांनीच मीठ कमी करायला सांगितलंय."

"मांजरांना चालतं."

चक्करही त्याला तीन वर्षांत एकदाच आली, आणि नेमकी गुरुवारी. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, डॉक्टरने सांगितलं की आजोबा सकाळी काही खाल्ल्याशिवाय देवळात जात जाऊ नका. पेई-यून तेव्हा तैपेईत यंत्रासमोर होती. यंत्र दुपारी दोन ते पाच तिच्या नावावर होतं, ती वेळ सोडून ती धावत निघाली, आणि घरी पोचली तेव्हा म्हातारा कालवांचं ऑम्लेट खात टीव्हीवर बेसबॉल बघत होता. "तू कशाला आलीस?" तो म्हणाला. "धड तिकडे राहायचंस."

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये प्राध्यापक फाननी तिला आपल्या खोलीत बोलावून चहा दिला. इतका चांगला चहा त्यांनी तिला पूर्वी कधी दिला नव्हता, म्हणून ती सावध झाली.

"किनारपट्टीचा लेख तयार झालाय," ते म्हणाले. "पहिलं नाव शाओ-थिंगचं जाईल. तुमचं दुसरं."

"सर, नळ्या माझ्या आहेत. जागा मी शोधल्या."

"माहीत आहे. पण नळ्या आणल्यानंतरचं सगळं तिने केलं. रात्री यंत्र मोकळं असायचं, ती इथे होती." ते थांबले. त्यांनाही हे बोलणं जड जात होतं. "च्येन बाई, तुम्ही हुशार आहात, हे मी आजही म्हणेन. पण तुम्ही इथे पाहुण्यासारख्या येता. पाहुण्याला आम्ही मान देतो, काम देत नाही. आपण एक करू. सप्टेंबरपासून एक वर्ष इथे येऊन राहा. एकच वर्ष. मी स्वतः तुमच्यामागे लागून प्रबंध पुरा करून घेतो. ते जमत नसेल तर सन्मानाने थांबा. महिनाअखेर मला सांगा."

म्हणजे तीन वर्षं घासून प्रश्न पुन्हा तोच. फक्त आता ती चाळीसची झाली होती.

त्या शुक्रवारी लवकर निघून तिने विद्यापीठामागच्या गल्लीत एक खोली बघितली. चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद, एक पलंग, एक टेबल, खिडकीतून समोरच्या घरांची वाळत घातलेली धुणी. घरमालकीण तिला एकटीला आत सोडून फोनवर बोलायला बाहेर गेली. पेई-यून पलंगावर बसली. टेबलावर काहीच नव्हतं. छत्री नाही, पार्सल नाही. आपण इथे रात्री अकरापर्यंत वाचत बसू शकतो आणि कुणी हाक मारणार नाही, हा विचार आला आणि तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली. घरमालकीण परत आली तेव्हा ती जिन्यापाशी उभी होती. "कळवते," ती म्हणाली.

या वेळी तिने कुणालाच विचारलं नाही. भावाला नाही, बापाला नाही. देवाने तर सांगितलंच होतं. तीन, सलग. ज्या देवाने घरी राहा म्हणून सांगितलं त्याला डावलून निघायचं, आणि मागे बापाचं काही बरंवाईट झालं तर? भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात असली भीती कशी, असं कुणी विचारू नये. जिचं बालपण देवळाच्या पायरीवर गेलं तिच्या डोक्यात ती असतेच, आणि दमलेल्या माणसाला तर ती फार सोयीची असते. पेई-यून मनापासून दमली होती.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तिने नाव काढून घ्यायचा अर्ज भरला. चार ठिकाणी सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवला. कचेरीच्या खिडकीतल्या बाईने ओळखपत्र घेतलं, ग्रंथालयाचं एक पुस्तक परत करायचं राहिलंय याची आठवण दिली, आणि "तुम्ही खूप कष्ट घेतलेत" हे ती सगळ्यांनाच म्हणते ते वाक्य म्हटलं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. शाओ-थिंग खाली दारापर्यंत सोडायला आली. तिने पेई-यूनचे हात धरून ठेवले होते, आणि हिला गाडी गाठायची होती.

घरी रविवारी सांगायचं, असं तिने ठरवलं. रविवारी आईचा मृत्युदिन होता आणि सगळेच जमणार होते.

रविवारी ती पहाटे पाचला उठली. अख्खी कोंबडी उकडली, डुकराचं मांस मुरवून शिजवलं, मासा तळला, शेवया केल्या, आईला आवडायच्या त्या मुळ्याच्या वड्या वाफवल्या. अकरा वाजता मिंग-चुंगची गाडी दारात आली. हात धुऊन तो सरळ पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे गेला आणि पहिली उदबत्ती त्याने लावली. मुलगा तो. पेई-यूनने उदबत्ती लावली ती त्याच्या, बायकोच्या आणि दोन्ही मुलींच्या मागून, हातांना आल्याचा वास तसाच.

अर्ध्या तासाने, देव्हाऱ्यापुढे मांडलेलं आईचं जेवून झालं का, हे विचारायला म्हाताऱ्याने मिंग-चुंगच्या हातात दोन नाणी दिली. त्याने टाकली, एक छाप, एक काटा. पहिल्याच फेकीत होकार. आईने मिंग-चुंगला कधी ताटकळत ठेवलंच नव्हतं. अंगणात पूर्वजांसाठीचे सोनेरी कागद जाळून झाले आणि सगळे जेवायला बसले. मुली ताटं घेऊन टीव्हीसमोर गेल्या.

आता सांगावं, असं पेई-यून मनात म्हणत होती, तेवढ्यात मिंग-चुंगनेच घसा साफ केला.

"आपा, आ-यून, एक चांगली बातमी आहे. कंपनीचा नवा कारखाना आपल्या चियाईत उघडतोय. माझी बदली मंजूर झाली. जुलैमध्ये आम्ही घरी येतोय. कायमचे."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, पण तो चकित झाला नाही. त्याला आधीच माहीत होतं, हे पेई-यूनला कळलं. कदाचित कित्येक महिन्यांपासून.

"मुलींना इथल्याच शाळेत घालू," वहिनी म्हणाली. तिला सगळे आसो म्हणायचे. "दोघींना मिळून एक मोठी खोली लागेल. मागची तुझी खोली आणि ती सामानाची, मधली भिंत काढली की छान होईल. मिस्त्री येऊन बघून गेला ना, आपा?"

"गुरुवारी आला होता," म्हातारा म्हणाला.

आसोने माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून पेई-यूनच्या वाडग्यात ठेवला. "आ-यून, इतकी वर्षं सगळं तू एकटीने ओढलंस. मला लाज वाटायची, खरंच सांगते. आता आम्ही आलो. तू खुशाल तैपेईला जाऊन राहा, मन लावून अभ्यास कर. आपांचं आम्ही बघतो."

"नाही तर काय," मिंग-चुंग म्हणाला. "गुरुवार-शुक्रवारची पीएचडी होते का कुठे? मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तू म्हटलं नव्हतंस," पेई-यून म्हणाली.

"म्हणजे, मला वाटत होतं."

म्हाताऱ्याने तांदळाच्या दारूचा दुसरा पेला संपवला होता. मुलगा घरी येणार म्हणून तो इतका आनंदात होता की त्याला सगळ्यांचंच भलं करावंसं वाटत होतं. "जा पोरी, जा," तो म्हणाला. "वांग-ये पण तेव्हा जाच म्हणाला होता."

पेई-यूनने वाडगा खाली ठेवला. "काय म्हणाला होता?"

"अगं, तेव्हा कौल लावला ना मी. पहिल्यांदा विचारलं, पोरीला तैपेईला जाऊ देऊ का? तर तीन होकार, सलग. मला वाटलं, हात घसरला असेल. पुन्हा विचारलं. पुन्हा दोन, आणि तिसऱ्याला हसला. म्हणजे वैतागला असणार." म्हातारा स्वतःशीच हसला. "मग मी जरा वेगळं विचारलं."

"काय विचारलंत?"

"म्हटलं, लेक बापाजवळ असलेली बरी ना? तीन सलग. आता याला देव तरी नाही कसं म्हणेल?"

मिंग-चुंग खदखदून हसला. "आपा, तुम्ही? घासाघीस? गावाला सांगतो थांबा."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," पेई-यून म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता.

"तू विचारलंस कुठे?" म्हाताऱ्याने साधेपणाने विचारलं. "मी चल म्हणालो होतो. तू म्हणालीस, तुम्हीच विचारा. घरी आलीस, मी तीन सलग म्हणालो, तू बरं म्हणालीस. काय विचारलं, कसं विचारलं, एका शब्दाने नाही. दोन वाट्या पेज खाल्लीस. मला वाटलं, हिलाही हेच हवं होतं. तीन वर्षं देवळावरून जा-ये केलीस, एकदा आत येऊन स्वतः कौल लावायचास. मी काय दार अडवून बसलो होतो?"

यात खोटं काहीच नव्हतं. बापाचा संताप तर आलाच होता. पण त्याच्या डोक्यावर बसून वर आणखी एक संताप होता, त्या शनिवारी पेपर तपासायला गेलेल्या बाईचा. तिला देव काय म्हणाला हे कधीच कळायला नको होतं. आयता हुकूम हवा होता, तो तिने मिळवला, आणि तीन वर्षं मांडीवर घेऊन फिरली.

"तर मग कधी निघतेस?" आसोने विचारलं. "जूनअखेर खोली मोकळी झाली तर मिस्त्रीला तसं सांगता येईल. घाई नाही हं."

"मी शुक्रवारी नाव काढून घेतलं," पेई-यून म्हणाली.

"कुठलं नाव?" म्हाताऱ्याने विचारलं.

"विद्यापीठातलं. अर्ज दिला, ओळखपत्र परत केलं. संपलं ते."

टीव्हीवर कुणीतरी गात होतं. आसोने मुलींना आवाज कमी करायला सांगितलं. म्हाताऱ्याने पेला उचलला, रिकामा आहे हे पाहून परत ठेवला. मिंग-चुंगने जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि बायकोकडे पाहिलं. बायकोने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

मिंग-चुंग मनाने वाईट नव्हता. बहिणीचं वाईट झालं हे त्याला दिसत होतं, आणि त्याने अगदी खऱ्या काळजीने विचारलं, "अगं, पण मग आता तू राहणार कुठे?"